वाळूच्या ओढ्यातलं औषध

मांजरा महाराष्ट्रात उगम पावते आणि महाराष्ट्राच्या वेशीवर येऊन संपते. बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात तिचा जन्म होतो. बीड, धाराशिव, लातूर करत ती बिदरकडे उतरते, तेलंगणात शिरते, तिथे उत्तरेकडे वळते, निजामसागराचं धरण ओलांडते आणि नांदेड जिल्ह्याची कड धरून कुंडलवाडीजवळ गोदावरीला मिळते. हिच्या पाण्याचं मोल मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. २०१६च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं, तेव्हा लातूरकरांची तहान भागवायला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं.

ही हकीकत मात्र लातूरच्या पुष्कळ खालची, तेलंगणातली आहे. हैदराबादच्या वायव्येला पटानचेरू नावाचं गाव आहे. तेलुगूत ‘चेरुवु’ म्हणजे तळं. गावाच्या नावातच पाणी. तिथून एक ओढा निघतो, इसुकावागु. ‘इसुका’ म्हणजे वाळू, ‘वागु’ म्हणजे ओढा. हा वाळूचा ओढा नक्कावागुला, म्हणजे कोल्ह्याच्या ओढ्याला मिळतो आणि कोल्ह्याचा ओढा मांजरेला. नकाशावर शोधूनही चटकन न सापडणारं हे पाणी २००७ साली जगभरच्या वैज्ञानिकांच्या तोंडी आलं. माणसाचा जीव वाचवणारं एक औषध त्यात सापडलं होतं, आणि तेही कुणी कल्पना केली नव्हती इतकं.

पिंपरीपासून पटानचेरूपर्यंत

१९२८मध्ये लंडनला अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीच्या एका ठिपक्याभोवती जिवाणू विरघळलेले दिसले. त्यातून पुढे पेनिसिलिन हाती आलं आणि दुसऱ्या महायुद्धात लाखो जखमींना त्याचा उपयोग झाला. १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना फ्लेमिंग यांनी जो इशारा दिला, तो या हकीकतीत शेवटपर्यंत आपल्या सोबत राहणार आहे. औषधाची मात्रा अपुरी पडली तर जिवाणू मरत नाहीत, उलट त्या औषधाला सरावतात, असं त्यांनी त्या भाषणात बजावलं होतं. प्रयोगशाळेत तसे जिवाणू तयार करणं अवघड नाही, हेही त्यांनी सांगितलं होतं.

भारतात त्या काळी हे औषध परदेशातून यायचं आणि परवडायचं मोजक्यांनाच. हे चित्र पालटायची सुरुवात पुण्याजवळ पिंपरीत झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं १९५४मध्ये तिथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी देशी पेनिसिलिन बाहेर पडू लागलं. हैदराबादजवळ बाळानगरला आयडीपीएल या दुसऱ्या सरकारी कंपनीनं सोव्हिएत रशियाच्या साहाय्यानं रासायनिक औषधांचा कारखाना काढला. तिथे कामाचे धडे गिरवलेल्या रसायनतज्ज्ञांपैकी अनेकांनी नंतर स्वतःचे कारखाने थाटले. १९७०च्या पेटंट कायद्यानं त्यांचा रस्ता मोकळा केला. औषधाच्या रेणूवर कुणाची मालकी उरली नाही, मालकी राहिली फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर. दुसरी पद्धत शोधली की तेच औषध स्वस्तात बनवता येऊ लागलं.

या स्वस्ताईनं जगाचं भलं केलं, हे आधी मान्य करायला हवं. २००१ साली मुंबईच्या सिप्लानं एड्सवरच्या औषधांची वर्षभराची किंमत साडेतीनशे डॉलरपर्यंत खाली आणली आणि आफ्रिकेतल्या गरीब रुग्णांना जगण्याची आशा मिळाली. आपल्या तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात जिवाणूंवरचं औषध काही रुपयांत मिळतं, त्याचंही मूळ याच इतिहासात आहे. पण स्वस्त औषध बनवताना मागे काय उरतं आणि ते कुठे जातं, हा प्रश्न त्या वेळी फारसा कुणी विचारला नाही.

ओढ्याकाठची वसाहत

पटानचेरूची औद्योगिक वसाहत सत्तरच्या दशकात आकाराला आली. याच गावात १९७२पासून ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संस्थेत कोरडवाहू पिकांवर संशोधन चालतं. म्हणजे एका कुंपणाआड कमी पाण्यावर ज्वारी, तूर, हरभरा कसा पिकवावा याचा शोध चालू होता, तर जवळच गावकऱ्यांचं होतं ते पाणी नासत चाललं होतं. १९८०मध्ये हा भाग ज्यात येतो त्या मेदक मतदारसंघातून इंदिरा गांधी लोकसभेवर निवडून आल्या आणि या भागाला आणखी महत्त्व आलं. पटानचेरू, बोल्लारम, काझीपल्ली या पट्ट्यात औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने दाटीवाटीनं उभे राहिले. औषध-उद्योगात या मालाला ‘बल्क ड्रग’ म्हणतात. गोळी, कॅप्सूल, इंजेक्शन पुढे कुठेही बनो, तिच्यातला गुणकारी अर्क अशा ठिकाणी तयार होतो.

हळूहळू विहिरींच्या पाण्याचा रंग बदलला, तळ्यांतले मासे मेले, पिकं करपली. पटानचेरूत दवाखाना चालवणारे डॉक्टर अल्लानी किशन राव यांच्याकडे येणाऱ्या रुग्णांच्या तक्रारींत त्यांना या पाण्याचा माग दिसू लागला. रुग्ण तपासता तपासता ते आंदोलनात उतरले आणि पुढची कित्येक वर्षं त्यांनी हा विषय सोडला नाही. १९९०मध्ये ‘इंडियन काउन्सिल फॉर एन्व्हायरो-लीगल अॅक्शन’ या संस्थेनं पटानचेरू आणि बोल्लारमच्या प्रदूषणाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात रिट याचिका दाखल केली. शेतकऱ्यांना नुकसानभरपाई आणि गावांना पिण्याचं पाणी द्या, असे आदेश न्यायालयानं दिले. सुनावण्या मात्र दशकांमागून दशकं चालल्या.

दरम्यान कारखान्यांनी मिळून सांडपाणी शुद्धीकरणाचं एक सामाईक केंद्र उभारलं, पटानचेरू एन्व्हायरो टेक. सुमारे ९० औषध कारखान्यांचं पाणी टँकरनं तिथे यायचं. त्याची पद्धत जगात सगळीकडे असते तीच होती. पाणी मोठ्या हौदात घ्यायचं, त्यात हवा खेळवायची आणि पाण्यातली घाण खाऊन टाकायला जिवाणू सोडायचे. कारखान्याचं पाणी जिवाणूंना सहजी पचत नाही म्हणून त्यात माणसांचं मैलापाणीही मिसळायचं. मग गाळ खाली बसवायचा आणि वरचं पाणी इसुकावागुत सोडायचं.

ही रचना जरा थांबून समजून घेऊ. जिवाणूंना मारायला बनवलेल्या औषधांचं पाणी स्वच्छ करायचं काम इथे जिवाणूंवरच सोपवलेलं होतं. त्या हौदात एकच जिवाणू टिकू शकतो, ज्याच्यावर औषध चालत नाही तो. म्हणजे केंद्र सुरळीत चालत असेल, तर ते औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या बळावरच चालणार. आणि त्याच हौदात मैलापाण्यातून माणसाच्या आतड्यातले जिवाणू रोज येऊन पडत होते.

एका बादलीत एक गोळी

जोआकिम लार्सन हे स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातले संशोधक. औषधांच्या अंशांचा पाण्यातल्या जीवांवर काय परिणाम होतो, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. माणसानं गिळलेल्या गोळीचा काही भाग लघवीतून गटारात आणि तिथून नदीत जातो. असे अंश युरोप-अमेरिकेत बरेच सापडले होते, पण लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. औषध जिथे बनतं तिथे काय स्थिती असेल, हे लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पाहायचं होतं. त्यांनी पटानचेरूच्या केंद्रातून बाहेर पडणारं पाणी तपासलं, आणि तेही सलग दोन दिवस.

५९ औषधांचा शोध घेतला. २१ औषधं लिटरमागे एक मायक्रोग्रॅमहून जास्त भरली आणि ११ शंभर मायक्रोग्रॅमच्याही वर गेली. रक्तदाबाचं लोसार्टन होतं, सर्दी-ॲलर्जीचं सेटिरिझिन होतं, ॲसिडिटीचं रॅनिटिडिन होतं. सर्वांत वरच्या नावाखाली आकडा होता लिटरमागे २८,००० ते ३१,००० मायक्रोग्रॅम. ते नाव होतं सिप्रोफ्लॉक्सासिन.

हा आकडा घरातल्या मापात उतरवून पाहू. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी, टायफॉइडसाठी डॉक्टर सिप्रोफ्लॉक्सासिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी लिहून देत आले आहेत. लिटरला ३१ मिलिग्रॅम म्हणजे सोळा लिटरच्या एका बादलीत एक पूर्ण गोळी विरघळलेली. ती गोळी गिळलेल्या रुग्णाच्या रक्तात हे औषध लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅमपर्यंत चढतं. ओढ्यात सोडलेल्या पाण्यात ते त्याच्या दसपट होतं. संशोधकांच्या हिशेबानं रोज सुमारे ४५ किलो सिप्रोफ्लॉक्सासिन या एका तोंडातून बाहेर पडत होतं. गोळ्यांत मोजलं तर ९० हजार. तेव्हाच्या नव्वद लाख लोकसंख्येच्या सगळ्या स्वीडनला एवढं औषध पाच दिवस पुरत होतं.

पुढच्या तपासात चित्र आणखी गडद झालं. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार परिसरातल्या एका तळ्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत होतं, म्हणजे रुग्णाच्या रक्तातल्या पातळीहूनही जास्त. सहा गावांतल्या विहिरींतही औषधांचे अंश सापडले. ज्यांना कुठलाही आजार नव्हता आणि ज्यांना कुणी औषध लिहून दिलेलं नव्हतं, अशांच्या घागरीत ते पोचलं होतं.

गाळात काय घडत होतं

सगळी प्रतिजैविकं, म्हणजे जिवाणूंवरची औषधं, पाण्यात सारखी वागत नाहीत. बुरशीपासून मिळणाऱ्या पेनिसिलिनचा रेणू नाजूक असतो, पाण्यात तो तुलनेनं लवकर तुटतो. सिप्रोफ्लॉक्सासिन संपूर्णपणे माणसानं रचलेलं, चिवट. ते मातीच्या कणांना धरून गाळात मुक्काम ठोकतं. त्यामुळे इसुकावागुचा तळ औषधाचा साठा बनला.

फ्लेमिंग यांचा इशारा इथे पुन्हा आठवतो. नळकांड्याच्या तोंडाशी औषधाची मात्रा मारक असते. पण ओढा वाहतो, दुसऱ्या ओढ्याला मिळतो, पावसाचं पाणी येतं, औषध पातळ होत जातं. म्हणजे वाटेत कुठे ना कुठे अशी मात्रा येतेच, जी जिवाणूला मारत नाही, फक्त कमकुवत असलेल्यांना मागे पाडते. २०११मध्ये स्वीडनच्याच उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की जिवाणूची वाढ थांबवायला लागणाऱ्या मात्रेच्या शेकडो पटींनी कमी औषधही प्रतिरोधक, म्हणजे औषधाला न जुमानणाऱ्या, जिवाणूंना पुढे आणायला पुरतं. अपुऱ्या मात्रेचं जे संकट फ्लेमिंग यांनी एका रुग्णाच्या बाबतीत सांगितलं होतं, ते आता मैलोगणती वाहत होतं.

जिवाणू हा गुण फक्त आपल्या संततीला देत नाहीत, शेजाऱ्यालाही देतात. त्यांच्या पेशीत डीएनएची छोटी कडी असते, तिला प्लास्मिड म्हणतात; ती एका जातीतून दुसऱ्या जातीत जाऊ शकते. इंटेग्रॉन नावाची दुसरी एक रचना प्रतिरोधाची जनुकं एकामागोमाग एक गोळा करून ठेवते, जशी किल्ल्यांच्या जुडग्यात नवी किल्ली अडकवावी तशी. जंतुनाशक द्रव्यांना दाद न देणारं जनुकही या जुडग्यात अनेकदा असतं. म्हणून गटारात गेलेलं फरशी पुसण्याचं रसायन किंवा कारखान्यातून आलेले जड धातूसुद्धा औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंना हात देऊ शकतात. सिप्रोफ्लॉक्सासिनपासून वाचवणारं ‘क्यूएनआर’ जनुक दवाखान्यातल्या जिवाणूंत आधी सापडलं. त्याच्या एका प्रकाराचं मूळ घर नंतर कळलं, ते पाण्यात राहणाऱ्या, माणसाशी फारसा संबंध नसलेल्या एका जिवाणूत. पाण्यातलं जनुक माणसाच्या रोगापर्यंत प्रवास करतं, याचा हा पुरावा होता.

पटानचेरूच्या केंद्रातल्या जिवाणूंचा सखोल तपास करणाऱ्यांत पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे नचिकेत मराठे आणि योगेश शौचे होते. २०१३मध्ये त्यांनी गोथेनबर्गच्या सहकाऱ्यांसह निष्कर्ष प्रसिद्ध केले. केंद्राच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरून त्यांनी ९३ जिवाणू वेगळे करून वाढवले आणि प्रत्येकावर ३९ प्रतिजैविकं वापरून पाहिली. ८६ टक्के जिवाणूंवर २० किंवा त्याहून अधिक औषधांचा परिणाम झाला नाही. एकानं तर ३९पैकी ३६ औषधं पचवली. ९३पैकी ८८ जिवाणूंत इंटेग्रॉन होते. ठळक रोगजंतू त्यांत नव्हते, हा दिलासा. पण दुबळ्या रुग्णाला गाठून आजारी पाडू शकणारे होते, आणि किल्ल्यांची जुडगी तर जवळपास सगळ्यांकडेच होती. पुढच्याच वर्षी काझीपल्लीच्या तळ्याचा अभ्यास आला. तिथे प्रतिरोधाची जनुकं स्वीडनमधल्या एका तळ्याच्या तुलनेत सुमारे सात हजार पट होती.

हा सगळा दोष एका वसाहतीच्या माथी मारून आपल्याला मोकळं होता येणार नाही. मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे पुण्यातल्या मुठेचा गाळ तपासला. शहराच्या वरच्या अंगाच्या मानानं शहरातल्या गाळात प्रतिरोधाची जनुकं ३० पटींपर्यंत जास्त होती आणि अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या औषधांना निकामी करणारी जनुकंही त्यांत होती. यामागे शहराचं प्रक्रिया न केलेलं सांडपाणी होतं, म्हणजे आपणच.

न मोजलेलं माप

इतकं औषध इतकी वर्षं वाहत राहिलं आणि कुणाला कळलं कसं नाही? नियमांत त्याची मोजणीच नव्हती, हे त्याचं सरळ उत्तर आहे. १९७४च्या जलप्रदूषण कायद्याखाली जी मानकं आली, ती पाणी किती आम्ल आहे, त्यात गाळ किती, घाण कुजायला प्राणवायू किती लागतो, हे विचारतात. त्यात औषध कोणतं आणि किती, हा रकाना नाही. औषध बनवताना प्रमाण ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं तर अख्खा घाणा बाद होतो. तेच औषध नळकांड्यातून जाताना किलोनं गेलं तरी ते कुठल्या कागदावर चढत नाही.

उपाय झाले ते याच चाकोरीत. केंद्रातलं पाणी इसुकावागुत सोडायचं बंद करून ते १८ किलोमीटरच्या वाहिनीनं हैदराबादच्या अंबरपेटला, शहराच्या मैला-शुद्धीकरण केंद्रात नेण्याची सोय झाली. तिथून पाणी मुसी नदीत जातं आणि मुसी कृष्णेला मिळते. गोदावरीच्या खोऱ्याचं ओझं कृष्णेच्या खोऱ्यात उतरवलं गेलं. अनेक कारखान्यांनी स्वतःचं सांडपाणी आवारातच आटवून जिरवण्याची यंत्रणा बसवली, हे मात्र खरं पाऊल. तरीही पाण्यात औषध किती चालेल, हा आकडा ठरायचा राहिला.

जानेवारी २०२०मध्ये तो ठरण्याच्या बेतात होता. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं औषध कारखान्यांसाठी नियमांचा मसुदा काढला आणि त्यात १२१ प्रतिजैविकांसाठी सांडपाण्यातल्या मर्यादा दिल्या. असा विचार करणाऱ्या देशांत भारत आघाडीवर होता. ऑगस्ट २०२१मध्ये अंतिम अधिसूचना निघाली, तेव्हा त्या मर्यादा तीत नव्हत्या. सप्टेंबर २०२४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं प्रतिजैविकांच्या कारखान्यांतल्या सांडपाण्याविषयी पहिली मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. पण मार्गदर्शन म्हणजे कायदा नव्हे.

औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आहे. यांतल्या अमुक मृत्यूला अमुक ओढा जबाबदार, असं कुणालाच म्हणता येणार नाही. म्हणूनच मोजमाप कारखान्याच्या तोंडाशी व्हायला हवं. जनुक एकदा गाळात शिरलं की ते परत बोलावता येत नाही.

मांजरेचा पुढचा प्रवास निजामसागरातून होतो आणि कुंडलवाडीजवळ ती गोदावरीच्या स्वाधीन होते. इतक्या अंतरावर, इतक्या पाण्यात औषध पातळ होतं, हे सांगायला रसायनशास्त्र पुरेसं आहे. जिवाणूंना मात्र हा नियम लागू नाही. ते पातळ होत नाहीत, ते वाढतात. पिंपरीत देशी पेनिसिलिनची पहिली कुपी बाहेर पडली, तेव्हा हे औषध गरिबापर्यंत पोचावं, अशी या देशाची इच्छा होती. ती इच्छा पुष्कळशी पुरी झाली. आता ते गरिबाच्या शरीरात गेल्यावर चाललंही पाहिजे. आणि त्यासाठी कारखान्यात औषध तोलणारा काटा त्याच कारखान्याच्या नळकांड्याशीही ठेवावा लागेल.